छिन्नमनस्कता आणि आनुवंशिकता : दिल्लीतील संशोधनाच्या संदर्भात एक आढावा

छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, हा आजार पिढीतून पिढीत उतरतो का, आणि उतरत असेल तर किती व कोणत्या वाटेने, हा प्रश्न वैद्यकशास्त्राने शंभरांहून अधिक वर्षे हाताळला आहे. भारतात मात्र तो प्रयोगशाळेत पोचण्याच्या कितीतरी आधी घराघरांत विचारला जातो, कारण रुग्णाच्या धाकट्या बहिणीचे लग्न जमवायचे असते, भावाला मूल होणार असते, किंवा आजाराचे नाव सोयऱ्यांच्या कानावर गेले तर पुढे काय होईल याची धास्ती आईवडिलांना असते. दिल्लीत या प्रश्नाचा शास्त्रीय पाठपुरावा १९९० च्या दशकापासून सातत्याने झाला. डॉ. राममनोहर लोहिया रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञ डॉ. स्मिता देशपांडे, दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरातील जनुकशास्त्र विभागाच्या प्रा. बी. के. थेल्मा आणि अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठातील डॉ. विश्वजित निमगावकर यांच्या सहकार्यातून उभे राहिलेले हे काम आकाराने जागतिक प्रकल्पांपुढे लहान आहे, परंतु भारतीय कुटुंबाला केंद्रस्थानी ठेवून या आजाराच्या आनुवंशिकतेकडे पाहण्याचा तो देशातील सर्वांत चिकाटीच्या प्रयत्नांपैकी एक आहे, आणि म्हणून या आढाव्याला तेथूनच दिशा घेणे योग्य ठरते.

हा आजार बहुधा किशोरवयाच्या अखेरीपासून तिशीपर्यंतच्या काळात सुरू होतो. कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येणे, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे असा अढळ संशय, विचारांची साखळी तुटणे, भावना बोथट होणे, माणसांतून अंग काढून घेणे, आणि स्मृती व एकाग्रता मंदावणे अशी लक्षणे वेगवेगळ्या रुग्णांत वेगवेगळ्या प्रमाणात दिसतात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात छिन्नमनस्कता आणि तत्सम तीव्र मनोविकार आयुष्यात केव्हा ना केव्हा झालेल्या प्रौढांचे प्रमाण सुमारे १.४ टक्के आढळले. या आजाराचे निदान रक्ताच्या तपासणीने किंवा मेंदूच्या छायाचित्राने होत नाही. ते रुग्णाशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलूनच करावे लागते. जनुकशास्त्राच्या दृष्टीने ही बाब फार मोलाची आहे, कारण रुग्ण कोणाला म्हणायचे हेच जर सैलपणे ठरले, तर पुढची रक्ततपासणी कितीही अचूक असली तरी तिचा निष्कर्ष भुसभुशीत राहतो. दिल्लीच्या गटाने आरंभी केलेले काम म्हणूनच जनुकांचे नव्हते: आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी अमेरिकेत तयार झालेली सविस्तर मुलाखत-प्रश्नावली त्यांनी हिंदीत आणली, वेगवेगळ्या तज्ज्ञांनी तिच्या आधारे केलेली निदाने एकमेकांशी जुळतात का हे पडताळले, आणि १९९८ मध्ये ते प्रसिद्ध केले. अशा पायाभरणीची दखल क्वचितच घेतली जाते, पण पुढच्या प्रत्येक नमुन्याची विश्वासार्हता तिच्यावरच उभी आहे.

आजार घराण्यात एकवटतो हे पहिल्यांदा आकड्यांनी दाखवले ते म्युनिकच्या एर्न्स्ट र्यूडिन याने, १९१६ मध्ये, रुग्णांच्या भावंडांचा हिशेब मांडून. परंतु एकाच घरात वाढलेल्या माणसांत रक्ताबरोबर अन्न, वातावरण, दारिद्र्य आणि भांडणेही सामाईक असतात, तेव्हा एवढ्यावरून जनुकांचा दोष सिद्ध होत नाही. हा गुंता दोन प्रकारच्या अभ्यासांनी सोडवला. पहिला प्रकार दत्तक मुलांचा. अमेरिकेतील लेनर्ड हेस्टन यांनी १९६६ मध्ये छिन्नमनस्क मातांपासून जन्मतःच दूर करून अन्यत्र वाढवलेल्या ४७ मुलांची तुलना तशाच प्रकारे वाढलेल्या, परंतु निरोगी मातांच्या ५० मुलांशी केली. पहिल्या गटात पाचजणांना आजार झाला, दुसऱ्यात एकालाही नाही. डेन्मार्कमधील दत्तक-नोंदींवर सेमूर केटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातूनही हेच दिसले. आईच्या वागण्याने मूल छिन्नमनस्क होते, असे त्या काळी अनेक मानसोपचारतज्ज्ञ बोलून दाखवत असत आणि हजारो मातांनी तो आरोप मुकाट्याने सोसला होता. त्या आरोपाचा आधार या अभ्यासांनी काढून घेतला, हे जनुकशास्त्राचे या क्षेत्रातील पहिले आणि कदाचित सर्वांत माणुसकीचे योगदान म्हणावे लागेल.

दुसरा प्रकार जुळ्यांचा. एकाच फलित अंड्यातून जन्मलेली समरूप जुळी भावंडे जवळजवळ सर्व जनुके सारखी घेऊन येतात, तर भिन्न अंड्यांतून जन्मलेली जुळी इतर भावंडांसारखीच सरासरी निम्मी. आयर्व्हिंग गॉट्समन यांनी अनेक युरोपीय अभ्यास एकत्र करून काढलेले आणि पाठ्यपुस्तकांत रूढ झालेले आकडे असे आहेत की, सर्वसाधारण माणसाला आयुष्यात हा आजार होण्याची शक्यता शंभरात एक धरली, तर रुग्णाच्या सख्ख्या भावंडात ती सुमारे नऊ, आईवडिलांपैकी एक आजारी असल्यास सुमारे तेरा, आणि समरूप जुळ्यात सुमारे ४८ होते. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींतील एकतीस हजारांवर जुळ्यांच्या जोड्यांवर आधारलेल्या २०१८ च्या अभ्यासात समरूप जुळ्यांचा आकडा ३३ टक्के आणि भिन्न जुळ्यांचा सात टक्के निघाला, आणि आनुवंशिकतेचे प्रमाण ७९ टक्के काढले गेले.

या ७९ टक्क्यांचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण येथेच सर्वाधिक गैरसमज होतो आणि त्याची किंमत कुटुंबे मोजतात. आनुवंशिकतेचे प्रमाण ही एखाद्या रुग्णाबद्दलची किंवा त्याच्या मुलाबद्दलची माहिती नव्हे. रुग्णाच्या मुलाला आजार होण्याची शक्यता ७९ टक्के आहे असा तिचा अर्थ मुळीच होत नाही. एका विशिष्ट लोकसमूहात, विशिष्ट काळात, माणसामाणसांतील आजाराकडे असलेल्या कलात जो फरक दिसतो, त्यातील किती भाग त्यांच्यातील जनुकीय फरकांशी निगडित आहे, एवढेच ती सांगते. माणसाची उंचीही सुमारे ८० टक्के आनुवंशिक मानली जाते, तरीही पोषण सुधारताच अनेक देशांची सरासरी उंची दोन-तीन पिढ्यांत वाढली. शिवाय त्याच डॅनिश अभ्यासात, ज्यांची जनुके रुग्णाशी जवळजवळ तंतोतंत जुळतात अशा समरूप भावंडांपैकी दोन तृतीयांश आजारापासून दूर राहिले. आणि उलट बाजूने पाहता बहुसंख्य रुग्णांच्या आईवडिलांपैकी कुणालाच हा आजार नसतो.

हे न समजण्याचा परिणाम इतिहासात भयानक झाला. ज्या र्यूडिनने भावंडांचा पहिला हिशेब मांडला, तोच पुढे जर्मनीच्या १९३३ च्या सक्तीच्या निर्बीजीकरण कायद्याच्या आखणीत अग्रभागी होता. छिन्नमनस्कता त्या कायद्यातील आजारांच्या यादीत होती. कायद्याखाली सुमारे चार लाख माणसांचे निर्बीजीकरण झाले, आणि १९३९ पासून मनोरुग्णांची पद्धतशीर हत्या सुरू झाली. फुलर टॉरी आणि रॉबर्ट योल्कन यांनी २०१० मध्ये केलेल्या पाहणीनुसार निर्बीजीकरण झालेल्या किंवा मारल्या गेलेल्या छिन्नमनस्क रुग्णांची संख्या दोन लाखांहून अधिक असावी, आणि तरीही युद्धानंतरच्या जर्मनीत नव्याने आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण घटले नाही. आज उपलब्ध असलेल्या ज्ञानाच्या प्रकाशात त्याचे कारण स्पष्ट दिसते: आजाराला हातभार लावणारे जनुकीय भेद रुग्णांपुरते मर्यादित नव्हतेच, ते सगळ्या लोकसंख्येत पसरलेले होते.

हे कळायला मात्र बराच काळ जावा लागला. १९६७ मध्येच गॉट्समन आणि जेम्स शील्ड्स यांनी सुचवले होते की हा आजार एका जनुकाचा नसून अनेक जनुकांच्या लहानलहान परिणामांची बेरीज एका मर्यादेपलीकडे गेली की प्रकट होतो. तरीही एकच मोठे जनुक सापडेल ही आशा सुटली नाही. १९८८ मध्ये आइसलंड आणि ब्रिटनमधील कुटुंबांच्या अभ्यासातून पाचव्या गुणसूत्रावर असे जनुक असल्याचे जाहीर झाले, पण नियतकालिकाच्या त्याच अंकात छापलेल्या स्वीडिश कुटुंबाच्या अभ्यासाला तेथे काही आढळले नव्हते आणि पुढेही कुणाला आढळले नाही. स्कॉटलंडमधील एका मोठ्या कुटुंबात पहिल्या आणि अकराव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले सापडले व त्यातून डिस्क-१ हे जनुक प्रसिद्धीस आले, परंतु ते त्या कुटुंबाबाहेरच्या रुग्णांना फारसे लागू पडले नाही. त्यानंतर उमेदवार-जनुकांचा काळ आला: मेंदूतील डोपामिन, सेरोटोनिन आदी संदेशवाहक रसायनांशी संबंधित जनुके हाती घ्यायची आणि त्यांतील एखादा भेद रुग्णांत अधिक दिसतो का, हे तपासायचे.

दिल्लीच्या गटाचे सुरुवातीचे काम याच पद्धतीचे होते, पण त्याची रचना विचारपूर्वक केलेली होती आणि तिच्यामागे दिल्लीचे समाजवास्तव होते. लोहिया रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात येणारी माणसे फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या कुटुंबांतली, हरियाणातली, उत्तर प्रदेशातली, बिहारमधली, पहाडी भागातली अशी नाना समाजांची असतात. शंभर रुग्ण आणि शंभर निरोगी माणसे घेऊन त्यांची तुलना केली, आणि योगायोगाने एका गटात एखाद्या समाजाची माणसे अधिक आली, तर त्या समाजाची जनुकीय खूण आजाराची खूण म्हणून वर येण्याचा धोका असतो. यावरचा उपाय म्हणजे रुग्ण, त्याची आई आणि त्याचे वडील अशा त्रयीचा अभ्यास. प्रत्येक पालकाकडे एखाद्या जनुकाच्या दोन प्रती असतात आणि त्यांतील एकच अपत्याकडे जाते. एखादा भेद आजारी अपत्यांकडे निम्म्याहून अधिक वेळा गेलेला दिसला, तर तो संशयास्पद ठरतो, आणि न गेलेली प्रत हीच तुलनेचा आधार होते, त्यामुळे समाजांच्या सरमिसळीने हिशेब बिघडत नाही. पाश्चात्य देशांत प्रौढ रुग्ण अनेकदा एकटा राहतो आणि त्याच्या आईवडिलांपर्यंत पोचणे अवघड जाते. दिल्लीत तिशीतल्या रुग्णालाही आई किंवा वडील हाताला धरून घेऊन येतात. उत्तर भारतीय रुग्णांतील डोपामिन-सेरोटोनिन व्यवस्थेच्या जनुकांचे या गटाचे अभ्यास, ज्यांची सुरुवात या शतकाच्या आरंभी झाली, अशाच त्रयींवर आधारलेले होते. येथे एक गोष्ट आग्रहाने नोंदवली पाहिजे: ज्या कौटुंबिक जिव्हाळ्याला आपण गृहीत धरतो, तोच या संशोधनाचा कच्चा माल होता, आणि रांगेत तासन्‌तास उभे राहून स्वतःचेही रक्त देणाऱ्या त्या पालकांचे ऋण शास्त्रीय निबंधांच्या शेवटच्या आभारवाक्यात मावणारे नाही.

उमेदवार-जनुकांच्या या काळातील बहुतेक निष्कर्ष पुढे टिकले नाहीत, आणि हे दिल्लीपुरते नव्हे तर जगभर खरे आहे. २०१७ मध्ये सर्वाधिक अभ्यासलेल्या २५ उमेदवार-जनुकांची मोठ्या विदेशी नमुन्यांवर छाननी झाली, तेव्हा गट म्हणून ती इतर कोणत्याही जनुकांपेक्षा आजाराशी अधिक निगडित नसल्याचे निघाले. नमुने शेकड्यांत होते आणि प्रत्येक भेदाचा खरा परिणाम इतका सूक्ष्म होता की तो पकडायला नमुने लाखात हवे होते.

ते लाखाचे गणित संपूर्ण जनुकसंचाच्या व्यापक पाहणीने जमवले. या पद्धतीत आधी कोणत्याही जनुकावर संशय न घेता सर्व गुणसूत्रांवरील लाखो ठिकाणे रुग्णांत आणि निरोगी माणसांत तपासली जातात. अनेक देशांच्या संशोधकांनी नमुने एकत्र केले, आणि २०१४ मध्ये सुमारे ३७ हजार रुग्णांच्या अभ्यासातून १०८ ठिकाणे, तर २०२२ मध्ये ७६,७५५ रुग्ण आणि २,४३,६४९ निरोगी माणसांच्या अभ्यासातून २८७ ठिकाणे निश्चित झाली. यांतील प्रत्येक भेद धोका अगदी किंचित वाढवतो आणि त्यांतले बहुतेक भेद निरोगी माणसांतही सर्रास आढळतात. ज्या चेतापेशींच्या सांध्यांवरून संदेशांची देवाणघेवाण होते, त्या सांध्यांच्या बांधणीशी ही जनुके विशेषकरून संबंधित आहेत. डोपामिन स्वीकारणाऱ्या डी-२ ग्राहकाचे जनुक, ज्याला प्रचलित औषधे आवर घालतात, तेही २०१४ च्या यादीत आले. म्हणजे उमेदवार-जनुकांच्या काळातील एक अंदाज तरी खरा ठरला. सहाव्या गुणसूत्रावरील प्रतिकारशक्तीच्या क्षेत्रातील संकेताचा एक भाग सी-४ या जनुकाच्या रचनेतून येतो, हे २०१६ मध्ये हार्वर्डच्या परिसरातील संशोधकांनी दाखवले. हे जनुक अधिक सक्रिय असेल तर किशोरवयात चेतासांध्यांची नैसर्गिक छाटणी प्रमाणाबाहेर होत असावी, अशी त्यावरून मांडणी झाली, आणि आजार त्याच वयात का सुरू होतो याला पहिल्यांदा पटण्याजोगे जैविक उत्तर दृष्टिपथात आले.

सर्वसामान्य भेदांबरोबर काही दुर्मीळ आणि जोरकस भेदही आहेत. बाविसाव्या गुणसूत्राचा एक लहान तुकडा गळालेल्या बालकांपैकी जवळपास एक चतुर्थांशांना मोठेपणी तीव्र मनोविकार होतो. असे बालक साधारण चार हजार जन्मांत एक असते. २०२२ मध्येच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासाने दहा अशी जनुके निश्चित केली ज्यांत क्वचित आढळणारा बिघाड धोका अनेक पटींनी वाढवतो. दिल्लीच्या गटानेही याच दिशेने वळण घेतले. अनेक सदस्य आजारी असलेल्या एका उत्तर भारतीय कुटुंबातील जनुकांच्या प्रथिन घडवणाऱ्या भागाचे संपूर्ण वाचन करून त्यांनी टार-१ या ग्राहक-प्रथिनाच्या जनुकात एक दुर्मीळ बदल शोधला, इतर रुग्णांतही त्याच जनुकात आणखी काही दुर्मीळ बदल आढळले, आणि ते काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. टार-१ डोपामिनच्या व्यवस्थेवर नियंत्रण ठेवते, आणि पुढच्या काही वर्षांत त्याला लक्ष्य करणाऱ्या उलोटारॉन्ट या औषधाकडे जगाचे लक्ष लागले होते. २०२३ मध्ये त्याच्या अंतिम टप्प्यातील दोन चाचण्या अपयशी ठरल्या. त्यावरून जनुकाचा धागा चुकीचा ठरत नाही, मात्र एका कुटुंबातील बदलापासून सर्वांच्या औषधापर्यंतचे अंतर किती मोठे आहे ते दिसते. दिल्लीच्याच जीनोमिकी आणि समवेत जीवविज्ञान संस्थेतील संशोधकांनी शाहदऱ्याच्या मानवी वर्तन व संबद्ध विज्ञान संस्थेच्या सहकार्याने रिस्पेरिडोनसारखे औषध कुणाला लागू पडते आणि कुणाला नाही याचा संबंध जनुकांशी लावण्याचे प्रयत्न केले आहेत; वारंवार औषध बदलून पाहणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा प्रश्न आजाराच्या कारणापेक्षाही निकडीचा आहे.

जागतिक यशाची एक बाजू भारतासाठी अत्यंत असमाधानकारक आहे. २०२२ च्या अभ्यासातील सुमारे तीन चतुर्थांश माणसे युरोपीय वंशाची होती आणि उरलेल्यांत बहुतेक पूर्व आशियाई. दक्षिण आशिया जवळजवळ अनुपस्थित होता. सर्व भेदांची बेरीज करून काढला जाणारा धोक्याचा एकत्रित गुणांक युरोपीय माणसांतही आजाराकडील कलाच्या फरकाचा सुमारे सात टक्केच भाग उलगडतो, आणि अन्य वंशांत त्याहून कमी. त्यामुळे असा गुणांक काढून दिल्लीतील एखाद्या तरुणाला त्याचे भविष्य सांगणे आजच्या घडीला शास्त्रीयदृष्ट्या निराधार आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. भारतातील पहिली मोठी व्यापक पाहणी चेन्नईच्या स्कार्फ संस्थेच्या आणि ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या सहकार्याने झाली. सुमारे तीन हजार लोकांपासून सुरुवात करून तिने आठव्या गुणसूत्रावरील, नायसिन या जीवनसत्त्वाच्या चयापचयाशी संबंधित जनुकाकडे बोट दाखवले आणि ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली.

भारतीय समाजरचनेमुळे येथे वेगळेच काही सापडण्याची शक्यता आहे. महाराष्ट्रात आणि दक्षिणेत मामाच्या मुलीशी लग्न चालते. उत्तरेत सगोत्र विवाह वर्ज्य, पण विवाह जातीतच, आणि शतकानुशतके जातीत लग्ने होत राहिल्याने लहान मूळ समूहातून वाढलेल्या समाजांत दुर्मीळ भेद एकवटतात. २०१७ मधील एका अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ समूहांपैकी ८१ समूहांत हा परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षाही तीव्र आढळला, आणि त्यांतील १४ समूहांची लोकसंख्या प्रत्येकी दहा लाखांवर होती. रक्ताच्या नात्यातील विवाहाने छिन्नमनस्कतेचा धोका वाढत असल्याचे निमगावकर यांच्या सहभागाने इजिप्तमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते. जातीअंतर्गत विवाहाचा परिणाम भारतात किती आहे, हे मोजण्यास आधी भारतीय माणसाचा सर्वसामान्य जनुकसंच माहीत हवा. ८३ लोकसमूहांतील सुमारे दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाचे वाचन करणाऱ्या जीनोमइंडिया प्रकल्पाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत संशोधकांसाठी खुली करण्यात आली आणि ती फरिदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रात साठवलेली आहे. ही तुलनेची पार्श्वभूमी आहे, रुग्णांचा अभ्यास नव्हे. तिच्या जोडीला रुग्णांचे आणि त्यांच्या पालकांचे नमुने हजारोंच्या संख्येने जमवण्याचे काम व्हायला हवे, आणि त्यासाठी लोहिया रुग्णालयात घडवलेली त्रयींची पद्धत आजही उपयोगी आहे.

परिस्थितीच्या घटकांविषयी थोडक्यात सांगायचे तर, गर्भावस्थेतील उपासमार (१९४४-४५ चा डच दुष्काळ आणि १९५९-६१ चा चिनी दुष्काळ यांच्या काळात गर्भात असलेल्यांत धोका सुमारे दुप्पट आढळला), प्रसूतीतील गुंतागुंत, वडिलांचे उतारवय, शहरातील जन्म, स्थलांतर आणि कोवळ्या वयातील गांजाचे सेवन यांचा संबंध वारंवार दिसला आहे. शहर आणि स्थलांतर यांविषयीचे पुरावे मुख्यतः युरोपातील आहेत, आणि दिल्लीसारख्या स्थलांतरितांच्या महानगराला ते जसेच्या तसे लावणे घाईचे होईल.

या ज्ञानाचा समाजात कसा वापर होतो, यावर त्याचे मोल ठरते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातील पाचवे कलम विवाहाच्या अटींत अशा मानसिक विकाराचा उल्लेख करते, ज्यामुळे व्यक्ती विवाहास आणि अपत्यजन्मास अयोग्य ठरते. त्यातील अपत्यजन्माचा उल्लेख आनुवंशिकतेच्या जुन्या, एकजनुकी कल्पनेला आश्रय देतो, आणि वर दिलेल्या आकड्यांपुढे तो टिकणारा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एका घटस्फोटाच्या दाव्यात छिन्नमनस्कता हा रक्तदाब व मधुमेहाप्रमाणे उपचाराने आटोक्यात राहणारा आजार असल्याचे सांगून केवळ त्या नावावर विवाह मोडण्यास नकार दिला. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हृदयाच्या एका आनुवंशिक विकाराच्या विमाप्रकरणात जनुकीय कलावरून माणसामाणसांत भेद करणे समतेच्या हक्काला बाधक असल्याचे म्हटले. त्या निकालाला पुढे आव्हानही दिले गेले. तो दावा हृदयरोगाचा होता, पण २००० साली हाँगकाँगच्या न्यायालयात आलेला दावा छिन्नमनस्कतेचाच होता: तिघा तरुणांना अग्निशमन, रुग्णवाहिका आणि सीमाशुल्क सेवांतील नोकऱ्यांना केवळ आई किंवा वडील छिन्नमनस्क असल्यामुळे मुकावे लागले होते. न्यायालयाने निकाल तिघांच्या बाजूने दिला. पालकांतील एक आजारी असलेल्या शंभर माणसांपैकी सत्त्याऐंशींना हा आजार होत नाही. दिल्लीत किंवा पुण्यात स्थळाची चौकशी करणाऱ्या माणसाला हा आकडा मानसोपचारतज्ज्ञाकडून ऐकायला मिळतो की शेजाऱ्याकडून भलताच काही, यावर आजही कित्येक भावंडांची लग्ने जमतात किंवा मोडतात.